चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती. आईचा उजवा डोळा आला. थेंब टाकून, त्या डोळ्यावर रुमाल धरून ती खुर्चीत बसली होती. समोर भिंतीवर कालनिर्णय. मला म्हणाली, "अगं, ह्या रेघा अशा काय वाकड्या झाल्यात?" मला वाटलं कॅलेंडर तिरकं लटकलंय, म्हणून मी ते सरळ केलं. तरी तिचं तेच. उभ्या रेघा मधोमध आत ओढल्यासारख्या दिसत होत्या आणि संकष्टीच्या चौकटीत तारीखच नव्हती, नुसता करडा डाग. रुमाल काढला की रेघा सरळ, तारीख जागेवर. परत उजवा डोळा झाकला की परत वाकड्या.

डावा डोळा कधीपासून असा होता, ते आम्हाला कधीच कळणार नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं काम बिनबोभाट उरकत राहतो.

आईला शुगर निघून तेव्हा चौदा वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, पथ्य जमेल तसं चालू होतं, आणि दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की आम्ही "डोळे तपासले" असं समजत होतो. त्याआधीच्या वर्षात तिने दोनदा तक्रार केली की नवा चष्मा जमत नाहीये. दोन्ही वेळा काच बदलून मिळाली. "एकदा पडदा दाखवून घ्या" एवढं एक वाक्य कोणीतरी म्हणायला हवं होतं. दुकानात कोणी म्हटलं नाही, शुगरच्या तपासणीला जायचो तिथे कोणी म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून रेटिनाच्या ओपीडीत आईबरोबर बसते, विचारते, वाचते. तिथल्या बाकांवर "आधी कळलं असतं तर" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की गप्प बसवत नाही.

पडदा म्हणजे काय

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे "डोळ्यावर पडदा आला" असं म्हणतात तेव्हा बहुतेकदा मोतीबिंदू किंवा बुबुळावर वाढलेलं मांस असतं. "डोळ्याचा पडदा" ही अगदी वेगळी गोष्ट. डोळ्याच्या आत, पाठीमागच्या गोल भिंतीला आतून अस्तरासारखा चिकटलेला तो एक पातळ थर आहे. पुस्तकी शब्द दृष्टिपटल, डॉक्टरांच्या तोंडी रेटिना. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. गर्भात बाळाचा डोळा तयार होतो तेव्हा हा थर मेंदूतूनच फुटून पुढे येतो, म्हणजे पडदा हा खरं तर मेंदूचाच तुकडा. त्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी असतात. त्यांचं सगळं काम दहा-बारा लाख धाग्यांच्या एका नसेतून मेंदूकडे जातं.

पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची जागा आहे. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठी. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं, आणि त्यातही तिच्या मधल्या दीड मिलिमीटरवर. बाकीचा सगळा पडदा आजूबाजूचं भान देतो. त्यामुळे बिघाड पीतबिंदूत असेल तर माणूस घरभर नीट वावरतो, पण पेपर वाचता येत नाही. बिघाड कडेला असेल तर पेपर छान वाचतो, पण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. घरच्यांना वाटतं, हे सोंग आहे. सोंग नसतं ते.

दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवायला हव्यात. एक, पडद्याला दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. त्यात रक्त साचो, सूज येवो, तो फाटो, दुखत काही नाही. डोळा लाल होत नाही, चिकटत नाही, पाणी येत नाही. दोन, मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. मोतीबिंदूत खराब झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. पडदा काढून नवा बसवता येत नाही. म्हणूनच "मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, तरी दिसत का नाही?" असं विचारणारी मंडळी भेटतात. खिडकीची काच लख्ख झालेली असते, पण आतल्या पडद्याचा बिघाड तसाच असतो.

तपासणी कशी होते

नंबर काढताना पडदा दिसत नाही. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. थेंब थोडे झोंबतात, अर्ध्या तासात बाहुली पसरते, मग डॉक्टर डोक्याला दिवा बांधून आणि हातात भिंग धरून आतला कानाकोपरा बघतात. चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो. म्हणून बरोबर कोणीतरी हवं, गॉगल हवा, आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही. जिवंत माणसाचा पडदा बघता येतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडलं. तोवर आतमध्ये काय बिघडलंय हे माणूस गेल्यावरच समजायचं. अख्ख्या शरीरात रक्तवाहिन्या कापाकापी न करता उघड्या बघता येतात अशी ही एकच जागा आहे. शुगर आणि बीपीने शरीरात आत काय केलंय त्याची चाहूल इथे लागते.

याशिवाय दोन तपासण्या कानावर पडतील. ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारा स्कॅन. सुई नाही, त्रास नाही, हनुवटी टेकवायची आणि दिव्याकडे बघायचं. आईच्या स्कॅनवर डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, "इथे मधोमध खळगा दिसायला हवा, तुमचा डोंगर झालाय." जाडी अडीचशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास हवी होती, ती ४८० होती. दुसरी तपासणी अँजिओग्राफी. हातातून पिवळा रंग देऊन डोळ्याचे फोटो घेतात. त्यानंतर दिवसभर लघवी पिवळीजर्द होते, घाबरू नका. मात्र कशाची ॲलर्जी असेल किंवा किडनीचा आजार असेल, तर रंग देण्याआधीच सांगा.

साखर पडद्याला काय करते

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. देशभरातल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला आढळला, म्हणजे आठांतल्या एकाच्या. चार टक्क्यांची नजर जाण्याच्या धोक्यात होती. त्यातल्या बऱ्याच जणांना आज, हे वाचताना, अगदी स्वच्छ दिसत असेल. मोठी पंचाईत आहे ती हीच.

वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. आधी त्यांना फुगवटे येतात, मग त्या पाझरतात. पाझरलेलं पाणी पीतबिंदूत साचलं की सूज येते आणि रेघा वाकड्या दिसतात. आईचं हे झालं होतं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा "रक्त पाठवा" अशी हाक देणारं एक रसायन सोडतो, त्याचं नाव व्हीईजीएफ. त्या हाकेला नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या तकलादू की शिंकेचंही निमित्त पुरतं. त्या फुटल्या की डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत रक्त पसरतं. काळ्या जाळ्या, धूर, लाल ढग दिसतात. मग व्रण धरतो आणि तो व्रण पडद्याला ओढून जागेवरून सोडवतो.

बहुतेकांना असतो तो टाइप २ मधुमेह. तो निदानाच्या आधी काही वर्षं गुपचूप अंगात असू शकतो, म्हणून निदान झालं त्याच महिन्यात पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. लहानपणीच इन्सुलिन लागलेल्यांनी, म्हणजे टाइप १ वाल्यांनी, निदानानंतर पाच वर्षांच्या आत. मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत, कारण गरोदरपणात हा आजार जोर धरतो. "मला नीट दिसतंय" हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. नीट दिसत असतानाच तर उपचार सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

साखर ताब्यात ठेवल्याने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि मोजून पडतो. अमेरिकेत १९९३ मध्ये संपलेल्या एका दीर्घ अभ्यासात, टाइप १ मधुमेह असूनही पडदा चांगला असलेल्या ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये बीपीचाही तितकाच मोठा वाटा आहे, हे ब्रिटनमधल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवलं. शुगरच्या वहीत बीपीचा रकाना नसेल तर आजच आखा. आणखी एक. खूप वर्षं वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत झपाट्याने खाली आणायची असेल, तर आधी पडदा दाखवून घ्या. अशा वेळी सुरुवातीला पडद्याचा आजार काही काळ चिघळू शकतो. साखर उतरवायचीच आहे, फक्त पडद्यावर लक्ष ठेवून.

लेसर आणि डोळ्यातली सुई

लेसरची गोष्ट सूर्यग्रहणापासून सुरू होते. ९ जुलै १९४५ चं ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेले लोक मायर-श्विकेराट या जर्मन डॉक्टरांकडे आले. त्यांच्या मनात आलं, प्रकाशाने भाजण्याची हीच क्रिया ठरवून, नेमकी, हव्या त्या जागी करता आली तर? आधी सूर्यप्रकाश आरशांनी डोळ्यात नेऊन, मग झेनॉन दिव्याने त्यांनी ते करून दाखवलं. आजचा लेसर त्याच वाटेवरचा. मधुमेहात कडेच्या उपाशी पडद्यावर शेकडो बारीक डाग देतात, म्हणजे रसायनाची ती हाक थांबते आणि मधली नजर वाचते. रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते. "लेसर केला पण काही फरक नाही" अशी कुरकुर मी खूप ऐकते. लेसर बहुधा आहे ती नजर राखण्यासाठी असतो. फरक न पडणं हेच त्याचं यश आहे, पण हे आधी कोणी समजावून सांगत नाही.

पीतबिंदूच्या सुजेवर आज मुख्य औषध इंजेक्शनचं. व्हीईजीएफला रोखणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी आलं. पुढच्याच वर्षी मायामीत ते थेंबभर डोळ्यात देऊन पाहिलं गेलं. २००६ पासून खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब, २०११ पासून अफ्लिबरसेप्ट. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि स्वस्त औषध म्हणजे निकामी औषध असं नाही. कुठलं, का आणि किती वेळा, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पैशांची अडचण असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. अर्ध्यात सोडलेल्या महागड्या औषधापेक्षा वेळेवर पूर्ण केलेलं परवडणारं औषध कितीतरी बरं.

"डोळ्यात सुई" ऐकून आई तीन दिवस जेवली नाही नीट. म्हणून ते कसं होतं ते सांगते. डोळा बधिर करणारे थेंब, मग पिवळट तपकिरी आयोडीनचे थेंब (सगळ्यात जास्त झोंबतात ते हेच), चेहऱ्यावर भोक असलेलं कापड, पापण्या उघड्या ठेवायला छोटी तार. डॉक्टर म्हणतात, "वर बघा, मावशी." बुबुळाबाहेर साडेतीन-चार मिलिमीटरवर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून केसासारखी सुई जाते, औषध मिलिलिटरचा विसावा भाग. दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. आईने बाहेर येऊन विचारलं, "दिलं का?" दिवसभर डोळ्यापुढे एखादा काळा बुडबुडा तरंगतो, पांढऱ्या भागावर लाल डाग येतो, दोन्ही आपोआप जातात. जपायचं ते संसर्गाला. तो दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. पुढच्या आठवड्याभरात ठणका वाढला, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर रात्र असो की रविवार, तडक दवाखाना गाठायचा.

एका इंजेक्शनने भागत नाही. मधुमेहाच्या सुजेत पहिल्या वर्षी आठ-दहा लागू शकतात, मग अंतर वाढत जातं. इथेच लोक गळतात. तीन घेतल्यावर बरं दिसायला लागतं, पेरणी येते, लग्न येतं, तारीख चुकते. सूज परत येते आणि दर खेपेला थोड्या पेशी घेऊन जाते. आईची पुढची तारीख आम्ही त्याच कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करून ठेवतो.

पडदा सरकणं: इथे तास मोजायचे

डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेली असते. पन्नाशी-साठीत ती आकसते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांचं हे सुखरूप होतं, फार तर एक-दोन काळ्या माश्या डोळ्यापुढे फिरायला लागतात. पण काहींमध्ये सुटताना ती पडद्याला ओढते आणि तो फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरतं. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की रंगाचा पोपडा कसा सुटत जातो, तसाच पडदा मग भिंतीपासून सुटत जातो.

याची लक्षणं ठळक आहेत. अंधारात डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होणं. एकाएकी माश्या, ठिपके, काजळी वाढणं. आणि एका बाजूने सावली सरकत येणं, जणू कोणी दाराचा पडदा ओढतंय. वर्षानुवर्षं असलेली, न वाढणारी एखादी माशी चिंतेची नाही. पण अचानक, नव्याने, चमकांसकट आलेल्या माश्यांना त्याच दिवशी दाखवायचं. नुसती फट असते तेव्हा ओपीडीत बसून दहा-पंधरा मिनिटांच्या लेसरने तिच्याभोवती बांध घालता येतो. हीच वेळ अंगावर काढली तर मोठं ऑपरेशन. आणि पीतबिंदू सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली परत येते, सुटल्यावर झालं तर पडदा जागेवर बसूनही नजर अर्धवट राहू शकते. "सोमवारी बघू" हे इथे फार महाग पडतं.

शंभर वर्षांपूर्वी पडदा सरकला की डोळा गेला असंच धरत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात हट्टाने सांगितलं की फट शोधा आणि फट बंद करा, पडदा बसेल. त्यांचं बराच काळ कोणी ऐकलं नाही. आज डोळ्याला बाहेरून पट्टा बांधायचा असो, की १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी आणलेल्या पद्धतीने आतली जेली काढायची असो, तत्त्व गोनँचंच.

ऑपरेशननंतर पडदा दाबून ठेवायला डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. गॅस वर चढतो, म्हणून कधी कधी काही दिवस पालथं झोपायला किंवा मान खाली घालून बसायला सांगतात. ते कंटाळवाणं असतं, पण उपचाराचा अर्धा भाग तोच आहे. आणि आपल्या मुलखात नीट लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे घाट. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि डोळ्यातला गॅस फुगतो. विमान तर पूर्ण बंदच, पण मुंबईला ऑपरेशन करून कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटाने नाशिक, पुण्याला घरी परतणं म्हणजेही पाचशे-सहाशे मीटरचा चढ, महाबळेश्वर तर तेराशेच्या वर. डोळ्याचा दाब वाढून नस दुखावू शकते. घर कुठे आहे आणि वाटेत घाट आहे का, हे डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी सांगा. गॅस विरेपर्यंत, म्हणजे प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे, दुसरं काही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांनाही सांगा. भुलेतला एक वायू तो बुडबुडा फुगवतो.

लहान वयात मोठा उणे नंबर असलेल्यांचा पडदा ताणलेला आणि कडेला विरलेला असतो. त्यांना हा धोका बराच जास्त. लग्नाआधी लेसरने नंबर घालवला तरी आतला पडदा ताणलेलाच राहतो, तपासण्या चालूच ठेवायच्या. डोळ्याला चेंडू, विटी, फटाका लागला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी बाहुली मोठी करून एकदा बघून घ्यायचं.

म्हातारपणीचा पीतबिंदू

साठीनंतर काहींचा पीतबिंदू झिजतो. कोरड्या प्रकारात ते वर्षानुवर्षं हळूहळू होतं. ओल्या प्रकारात खाली नको त्या वाहिन्या उगवून पाझरतात आणि काही आठवड्यांत मधली नजर जाते. ओल्यावर वरचीच इंजेक्शनं चालतात, लवकर दिली तर छान चालतात. ओळखायला डॉक्टर चौकटींचा एक कागद देतात. स्विस डॉक्टर मार्क ॲम्सलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. कागद नसेल तर कॅलेंडर आहे, न्हाणीघराच्या फरशा आहेत, खिडकीचे गज आहेत. चष्मा लावून, एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. आमच्या घरी दर रविवारी आंघोळीआधी सगळ्यांचं हे होतं, माझ्या दहावीतल्या भाच्यासकट.

विडी-सिगारेट हा यात आपल्या हातातला सर्वात मोठा धोका. डोळ्यांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या खूप खपतात, पण मोठ्या अमेरिकी चाचण्यांत त्यांचा फायदा मध्यम अवस्थेतल्या किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्या रुग्णांनाच दिसला, आजार पुढे जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी. निरोगी माणसाला त्या लागत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

इथे जरा थांबून एक सांगते. नजर बरीच गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसतात. अंगणात मुलं, भिंतीवर नक्षी, फेटेवाले लोक. आवाज नसतो, आणि हे खरं नाही हेही त्यांना बहुधा कळत असतं. शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबाबत हे लिहून ठेवलं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. ओपीडीत एका आजोबांनी हे किती दबक्या आवाजात विचारलं होतं, ते अजून माझ्या कानात आहे. महिनोन्महिने त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून. डॉक्टरांनी समजावल्यावर ते रडले. आजीआजोबा असं काही बोलले तर त्यांना गप्प करू नका, शांतपणे ऐकून घ्या.

डोळ्यातला पक्षाघात

बीपी वाढलेल्यांच्या पडद्याची, रक्त परत नेणारी शीर कधी तुंबते. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसतं. त्यालाही इंजेक्शनं आहेत, आणि मूळ दुखणं बीपी, ते धरायलाच हवं. पण रक्त आणणारी धमनी बंद झाली तर एका डोळ्यापुढे क्षणात काळोख होतो, वेदना शून्य. हा पक्षाघातच आहे, डोळ्यात झालेला. पडदा काही तासच तग धरतो, आणि मेंदूतही असं होण्याचा धोका पुढच्या दिवसांत मोठा असतो. चष्म्याचं दुकान नव्हे, पक्षाघाताचे उपचार होतात असं मोठं रुग्णालय गाठायचं. डोळ्यापुढे दोन मिनिटं अंधार येऊन गेला आणि मग ठीक झालं, तरीसुद्धा.

कमी दिवसांचं बाळ

बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला जवळपास पूर्ण चाळीस आठवडे लागतात. बाळ आधी आलं की त्या वाटेतच अडकतात आणि वेड्यावाकड्या वाढतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमहून कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. लेसर लागणार असेल तर दोन-तीन दिवसांत द्यावा लागतो, एवढी घाई असते. काचपेटीतून बाळ घरी येतं तेव्हा आईबाप वजनाच्या काट्यावर खिळलेले असतात आणि बाळ बाहेर काढायचं नाही म्हणून डोळ्यांची तारीख राहून जाते. सुटीच्या कागदावर ती तारीख नसेल तर विचारून लिहून घ्या, आणि सव्वा महिना व्हायची वाट बघू नका.

कुठल्याही लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर लगेच दाखवा. पडद्याचा कर्करोग असू शकतो, आणि तो लवकर सापडला तर मूल वाचतं.

ज्यावर अजून औषध नाही

काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या रातांधळेपणा असतो. आधी संध्याकाळी दिसेनासं होतं, मग कडेची नजर आक्रसत बोगद्यातून बघितल्यासारखं होतं. आते-मामे भावंडांत लग्नं होतात तिथे हे जास्त आढळतं. जनुकातल्या दोषाने होणाऱ्या या आजाराला सरसकट इलाज नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेला जनुकीय उपचार आरपीई६५ या एकाच जनुकाच्या दोषावर चालतो आणि त्याची किंमत कोट्यवधींत आहे. महिनाभरात बरं करतो म्हणणाऱ्यांच्या पायी जमीन विकू नका. मात्र तपासणी जरूर करा. याच रुग्णांना होणारा मोतीबिंदू आणि पीतबिंदूची सूज यांवर उपचार होतात, आणि जीवनसत्त्व अ कमी पडल्याने आलेला रातांधळेपणा तर पूर्ण बरा होतो.

नजर गेलीच असेल, तरी करण्यासारखं खूप काही राहतं. नजर कमी झालेल्यांसाठीच्या लो व्हिजन क्लिनिकमध्ये उजेडाची भिंगं मिळतात. फोनवर अक्षरं मोठी करता येतात, काळ्यावर पांढरी करता येतात, फोन वाचूनही दाखवतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला पिवळी पट्टी चिकटवा. पांढऱ्या भातासाठी गडद रंगाचं ताट घ्या. गॅसच्या बटणावर बंदची खूण हाताला लागेल अशी करा. आणि दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करायला लाजू नका. जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळते, बरोबर सगळे स्कॅन आणि जुने कागद न्या.